मावळतीचं दार

इतिहासाच्या प्रकल्पासाठी सरांनी मला बुलढाण्यातलं इंग्रजांच्या काळातलं चर्च दिलं. आधी मी वाचनालयात मोठ्या शहरांतल्या कॅथेड्रलची चित्रं पाहत बसले. त्यांच्यापुढे आमचं चर्च लहानच. काळा दगड, उतरतं छप्पर, टोकदार कमानीच्या खिडक्या. दुपारच्या सुटीत दोनदा जाऊन मी पावलांनी मापं घेतली आणि नकाशा काढला. दार पूर्वेला दाखवलं. तपासायचं सुचलंच नाही; आमच्या गावातल्या महादेवाचं दार उगवतीला आहे, म्हणजे इथलंही तसंच असणार. वर लिहिलं, की सकाळचं पहिलं ऊन दारातून थेट वेदीवर पडतं. सरांना ते वाक्य आवडलं. सोमवारी वर्गात वाच म्हणाले.

शनिवारी वडील कामावरून परस्पर मला घ्यायला आले. ते गवंडी आहेत. मी त्यांना चर्च दाखवायला नेलं. तिथल्या राखणदार काकांनी दार उघडलं. वडील कमानीखाली बराच वेळ उभे राहिले, दगडांच्या सांध्यातल्या चुन्यावरून बोट फिरवत. दगड इथल्याच माणसांनी घडवले असतील, म्हणाले. मग माझा नकाशा मागितला. संध्याकाळचे साडेपाच झाले होते आणि दारातून आलेलं ऊन वेदीपर्यंत पसरलं होतं.

“दार त मावळतीले हाय माय,” ते हळूच म्हणाले. “तुह्या नकाशात हे ऊन भिंतीतून येऊन राह्यलं.”

राखणदार काका हसले. वेदी मुद्दाम पूर्वेला ठेवतात, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांचं तोंड उगवतीकडे होतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे देव उगवतीकडे पाहतो, इथे माणसं पाहतात. बसमध्ये मी तेच घोळवत होते. आणि सोमवारचं. ते वाक्य गाळून नकाशातला दिशेचा बाण गुपचूप फिरवला असता, तर कदाचित कुणाला कळलंही नसतं.

सोमवारी मी वाक्य वाचलं आणि ते चूक आहे असं सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, दिशा कळत नाहीत अन् इतिहास शिकते. सर रागावले नाहीत. चूक कुणी दाखवली, एवढंच त्यांनी विचारलं. प्रवेशाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘शेती’ लिहिलं होतं, आणि तो अर्ज सरांनीच तपासला होता.

“माझ्या वडिलांनी. ते गवंडी आहेत.”

सरांनी विचारलं, पुढच्या शनिवारी त्यांना वेळ आहे का? कमानीतला मधला दगड कसा बसवतात, ते सरांना त्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं.