‘ले’ आलं की ‘ला’ कर

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि मराठी भाषेचं भर स्टेजवर वाटोळं करणाराही पहिला मीच.

बी.ए. होऊन गावी परतलो तेव्हा बाबांनी माझी पदवी चौकटीत घालून बैठकीत बैलजोडीच्या फोटोच्या वर टांगली. (त्या जोडीनं पोळ्यात बक्षीस मिळवलं होतं, म्हणजे मान काही लहान नव्हता.) आमच्या तरुणांच्या नाटकमंडळीत शिकवायला मास्तर नव्हता. जुन्या पोरानं नव्या पोराला तयार करायचं, हाच कायदा. माझ्या वाट्याला आला मावसभाऊ गुणवंता. शेलाटा, दाढीमिशीचा पत्ता नाही, म्हणून त्याला राणीचं काम. (गावातल्या पोरी नाटक पाहायला यायच्या तेच पुष्कळ. काम कोण करणार?)

त्याचं पाठांतर पक्कं. अडचण जिभेची. “नाथ, मला सोडून जाऊ नका” या जागी दर तालमीला “नाथ, मले सोडून जाऊ नका.”

“अरे, ती राणी आहे. राणी ‘मले’ म्हणत नाही.”

“काहून? माही माय तं म्हंते.”

“तुझी माय राणी आहे का?”

“घरात तं तिचंच चालते, भाऊ.”

एरवी मी सोडून दिलं असतं. पण नाटकाला उमरखेडहून एक गुरुजी यायचे होते, मला पाहायला. मुलगी मॅट्रिक. अट एकच, जावई शुद्ध बोलणारा हवा. बाबांनी शब्द देऊन टाकला होता, “आमचा उत्तम बोल्ते का छापते, तेच समजत नाही.” गुरुजी सुधारक, मुलीलाही सोबत आणणार होते. तिचा फोटो मी पाहिला होता. चोरून पुन्हाही पाहिला होता. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी मनात ठरवून बसलो होतो.

म्हणून नाटकाच्या सकाळी मी गुणवंताला सगळ्या बी.ए.चा अर्क पाजला.

“हे बघ, डोकं लावू नकोस. ‘ले’ आलं की ‘ला’ कर. मले, मला. तुले, तुला.”

“कायले, कायला?”

“हं, तसंच समज.”

“सारेच ‘ले’?”

“सारेच.”

“मंग तं सोपं हाय.”

संध्याकाळी कापसाच्या जिनिंग-कारखान्याच्या पटांगणात मी स्वागताचं भाषण केलं. असं शुद्ध, की मलाच परकं वाटलं. गुरुजींनी मान डोलावली. ती डोललेली मान कोणाकोणाला दिसली, हे बाबांनी वळून वळून पाहून घेतलं. मग पुस्तक हातात धरून मी पडद्याआड उभा राहिलो.

मावशीचं हिरवं लुगडं नेसून राणी आली. पुस्तकात होतं, “नाथ, मी आले.” गुणवंता थबकला. त्याला ‘ले’ दिसला होता.

“नाथ, मी आला.”

राजा म्हणजे सायकलच्या दुकानातला सलीम. तो दचकला. “कोन आला?”

“मीच आला. वाट पाहून पाहून थकला. मला वाटला, मी मेला.”

“ओ माय,” बायकांतून आवाज आला, “राणी मेला म्हंते!”

सलीमनं घाईघाईनं विषय बदलला. “राणी, लढाईची काय खबर?”

“शत्रूचे हजारो सैनिक आला. आपण सारेच किल्ला जिंकला. म्हणून मी ही फुला माळली.”

“हजारो म्हंते अन् आला एकच का बे?” मागून कोणीतरी विचारलं.

मी आतून कुजबुजलो, “आले म्हण, आले.” गुणवंताला वाटलं, भाऊ परीक्षा घेतोय. तो गालात हसला आणि ठासून म्हणाला, “आला!”

तिथे माझा तोल गेला. मी पडद्यातून मुंडकं बाहेर काढलं.

“अबे गुणवंत्या, तुले अक्कल हाय का? ‘ले’ म्हन, ‘ले’! मले आज मारून राह्यला का तू?”

राणीनं पदर सावरला, माझ्याकडे वळली आणि मोठ्या मायेनं म्हणाली,

“भाऊ, मले नाही, मला. तुले नाही, तुला.”

वन्समोर आला. गुणवंतानं तो दिलासुद्धा.

नाटक संपल्यावर बाबा डोक्यावरची टोपी हातात घेऊन गुरुजींसमोर उभे राहिले. “मंग गुरुजी, नाहीच समजाचं ना?”

“मी नाहीच म्हणत होतो,” गुरुजी म्हणाले. “पण मुलगी म्हणते, हाच हवा. तिला फार दिवसांपासून शिकवायची हौस आहे. म्हणते, विद्यार्थी घरीच मिळाला.”

ती हौस तिनं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून फेडून घेतली. आजही मी हे लिहीत बसलो होतो, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “लिहून झाले का?”

घाईनं उत्तर द्यायचं नाही, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलो आहे. ‘ले’ तपासला, ‘ला’ तपासला, शेवटी बी.ए.ला स्मरून म्हणालो,

“झाला.”