मेरवेनने दिलेली शेळी

मेरवेन बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही तिला नावं ठेवाल. वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकवीस वर्षं दोनशे पोरांचं जेवण रांधलं, आणि एकाही पोराला कधी उपाशी उठू दिलं नाही. रविवारी चॅपेलमधल्या चहाची किटली तिच्याच हातात असायची. दोष म्हणाल तर एकच. कोणी चार शब्द चांगले बोललं की बाई हवेत जायची, आणि मग खाली उतरायला तिला फार वेळ लागायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात पाद्रीणबाई नेस्टा चहाच्या वेळी म्हणाल्या, "दर नाताळला आपण एकमेकांना मोजे देतो, साबण देतो, आणि जानेवारीत ते सगळं कपाटात कोंबतो. त्यापेक्षा एखाद्या गरजू घराला शेळी द्या, कोंबड्या द्या. ज्याच्या नावाने दिली, त्याच्या हातात नुसतं कार्ड ठेवा." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि केककडे हात वळवले. मेरवेन मात्र किटली खाली ठेवून म्हणाली, "आमच्या घरी यंदा एकही पुडकं फुटणार नाही. सगळं दान!"

पुढच्या रविवारी नेस्टाबाईंनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. झालं! आठवडाभर बाईचे पाय जमिनीला लागले नाहीत.

अशा शेळ्या-कोंबड्या पोचवणाऱ्या संस्थेकडून पाकीट आलं. त्यात रंगीत कार्डं होती आणि एक फॉर्म होता. कोणाच्या नावाने काय द्यायचं त्यावर खुणा करायच्या आणि चेक जोडून पाठवून द्यायचं, एवढंच काम. मेरवेनने वळणदार अक्षरात कार्डं लिहिली. नवऱ्याला पाण्याचा पंप, मुलाला बारा कोंबड्या, सासऱ्याला शेळी. फॉर्म भरून तिने घरी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला, उद्या पोस्टात टाकू म्हणून. तो उद्या काही उगवला नाही.

नाताळच्या जेवणाला तिने कार्डं वाटली. नवरा हेवल ट्रक चालवायचा, तोंडाचा फटकळ. "पंप? त्यातून बिअर येत असेल तर इथेच बसवा की!" तो म्हणाला. मुलगा खो खो हसला. सासरा एमलिन मात्र कार्डावरच वाकला. त्याने चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बटाट्यांकडे वळला. म्हातारा रागावला असं सगळ्यांना वाटलं. निघताना दारात टोपी चढवता चढवता त्याने हळूच विचारलं, "पोरी, रंग कोणता गं तिचा?"

"कोणाचा, ताद?" सासऱ्याला तीही नवऱ्यासारखं ताद, म्हणजे बाबाच म्हणायची.

"शेळीचा."

"तपकिरी," मेरवेनच्या तोंडून निघून गेलं. "कपाळावर पांढरा ठिपका आहे."

एमलिन चौऱ्याऐंशी वर्षांचा. सगळा जन्म त्याने डोंगरावर मेंढरांमागे काढला. गुडघे गेले तेव्हा कळप विकला, कुत्रा शेजाऱ्याला दिला आणि गावाच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिला. हेवल वर्षाकाठी एकदा त्याच्या छपराच्या पन्हळी साफ करून यायचा, तेही धुसफुसत. मेरवेनला शाळा होती, चॅपेल होतं, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याशी काय बोलावं हेच तिला कळायचं नाही.

फेब्रुवारीत खणात मेणबत्त्या शोधताना फॉर्म हाताला लागला. ती तिथेच उभी राहिली, कान तापले तिचे. दानाचे म्हणून बाजूला काढलेले पैसे जानेवारीच्या सेलमध्ये एका लाल कोटावर गेले होते, आणि तो कोट घालून ती तीन रविवार चॅपेलला मिरवून आली होती. पुढच्या महिन्यात पाठवू, ती मनाशी म्हणाली. त्याच आठवड्यात एमलिनचा फोन आला. इतक्या वर्षांत त्याने कधी आपणहून फोन केला नव्हता. "शेळी पोचली का गं? प्रवासात जनावर बावरतं. पहिले दोन दिवस तिला कोरडंच खायला घालायला सांग."

फोनवर काय बोलणार? ती बुधवारी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेली, उरलेला मटणाचा रस्सा घेऊन. मनाशी ठरवून गेली होती की खरं सांगायचं. दार उघडायच्या आत म्हाताऱ्याने विचारलं, "काय म्हणते आमची?" टेबलावर त्याने दोन कप मांडून ठेवले होते. मेरवेन म्हणाली, "छान आहे, ताद. पोचली." बस्स, तिथून सगळं घसरलं.

मग दर बुधवार. शेळी कुठल्या घरी गेली, त्या घरात पोरं किती, दूध किती देते. मेरवेन रस्त्याने जाता जाता रचायची. मार्चमध्ये तिने शेळी व्यायल्याचं सांगितलं, एकच करडू, मादी. एमलिनने टेबलावर थाप मारली. "मादी! घर उभं राहिलं त्यांचं!" त्या दिवशी घरी येऊन तिला जेवण गेलं नाही. मे महिन्यात तिने पैसे साठवले, पण आता पाठवले तर संस्थेचं आभाराचं पत्र एमलिनच्या पत्त्यावर जाणार आणि त्यावर तारीख मे महिन्याची असणार. फॉर्म परत खणात गेला. आपण किती हलक्या आहोत हे तिला कळत होतं. कळून उपयोग काय?

जूनमध्ये म्हाताऱ्याला सर्दी झाली, चेहरा उतरलेला. त्याला खूश करायला मेरवेन म्हणाली, "अहो, व्याली ना परत! जुळी झाली!" तुमच्यापैकी कोणी शेळी पाळली असेल तर कपाळाला हात लावाल. एमलिनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "चांगल्या जातीची दिसते." मेरवेनला वाटलं, निभावलं.

सप्टेंबरात सुगीची प्रार्थना ठरली. नेस्टाबाई तिला चॅपेलच्या दारातच भेटल्या. "मेरवेन, एमलिन रविवारी सगळ्यांसमोर शेळीची गोष्ट सांगणार आहेत. मी विचारलं तर चक्क हो म्हणाले! आणि संस्थेचे एक गृहस्थही येणार आहेत, कागदपत्रं घेऊन. किती छान योग!"

मेरवेनला तो रविवार आत्ताच डोळ्यांसमोर दिसला. आपलं तोंड काळं झालं तर होऊ दे, पण उभ्या गावासमोर म्हातारा आपल्या शेळीचं दूध सांगत उभा राहणार, आणि तो गृहस्थ कागद चाळून म्हणणार, अशी शेळीच नाही. गाव त्याला हसणार. जन्मात चॅपेलमध्ये तोंड न उघडलेल्या माणसाला!

बुधवारी ती रिकाम्या हातांनी गेली. बसलीही नाही.

"ताद, शेळी नाही."

"मेली का?"

"नव्हतीच. मी फॉर्मच पाठवला नाही. पैशांचा कोट घेतला." एवढं बोलून तिला रडू फुटलं, आणि रडण्याचीसुद्धा लाज वाटली. "नऊ महिने तुमच्याशी खोटं बोलले हो. तुमच्यासारख्या माणसाशी."

एमलिनने शांतपणे तिच्यासाठी खुर्ची ओढली. "मार्चमध्ये व्यायलेली शेळी जूनमध्ये परत व्याली म्हणालीस. अगं, पाच महिने लागतात गाभण शेळीला. साठ वर्षं जनावरांत काढली मी, मेरवेन."

"म्हणजे जूनपासून तुम्हाला..."

"शंका आधीपासून होती. जूनमध्ये खात्री झाली."

"मग बोलला का नाहीत? तोंडावर थुंकायचं होतं माझ्या!"

म्हाताऱ्याने चहा ओतला. थोडा बशीत सांडला. "बोललो असतो तर तू खरं सांगितलं असतंस. मग बुधवारी कोण आलं असतं?"

मेरवेन खुर्चीवर टेकली.

"शेळीच्या आधीची चार वर्षंही मी इथेच होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोसलं असतं. "त्या चार वर्षांत तू तीनदा आलीस. मुद्दाम मोजलं नाही गं. मोजायला दुसरं काही नव्हतं. ते रविवारचं मनावर घेऊ नकोस, गुडघा दुखतोय म्हणून सांगीन मी त्या बाईंना."

"तुम्ही कशाला खोटं बोलता माझ्यापायी? मीच उभी राहून सांगते सगळ्यांना. फॉर्मही आजच पोस्टात टाकते."

"टाक. कोणाचं तरी भलं होईल." तो बशीतला चहा परत कपात ओतत राहिला. मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "आणि बुधवारी? आता सांगण्यासारखं काही नाही, तरी येशील?"

"येईन, ताद. दर बुधवारी येईन."

त्याने मान हलवली, समजूतदारपणे, पोराने काही कबूल केलं की मोठी माणसं हलवतात तशी. त्याचा विश्वास बसलेला नव्हता. मेरवेनला ते स्वच्छ दिसलं, आणि त्याला दोष द्यायला तिच्याकडे तोंड नव्हतं.