पट्टा जिथे लागतो

गाडीत पुढची सीट बापाची, हा नियम माझ्या मुलीने केला आणि त्यात मीच अडकलो. तिने सेकंडहँड गाडी घेतली. लालबागला आमच्या चाळीखाली सायकल उभी करायला जागा नाही, आणि हिने गाडी घेतली! मी म्हटलं, लावणार कुठे, माझ्या डोक्यावर? ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त बसा." बसलो. पट्टा ओढून खटकन लावला आणि आईशप्पथ, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मला नुकताच पेसमेकर बसवला होता. चाळीच्या जिन्यात शुद्ध हरपून पडलो, परळच्या इस्पितळात नेलं, ते म्हणाले हृदयाचे ठोके मधेच थांबतायत. मग डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या खाली कातडीत खिसा केला आणि त्यात ते यंत्र सरकवलं. वरून हात लावला की काडेपेटी ठेवल्यासारखं लागतं. आता गाडी चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, त्याला काही त्रास नाही. शेजारी बसणाऱ्याचा येतो डाव्या खांद्यावरून. म्हणजे बरोब्बर माझ्या काडेपेटीवर.

त्यावर काय काय नाही केलं! नॅपकिनची घडी घातली, ती चिंचपोकळीपर्यंत पोटावर आलेली असायची. ढुंगणाखाली उशी घेऊन उंच बसलो, तर डोकं छताला. पट्टा काखेतून घेतला, तर मुलीने गाडी कडेला घेऊन थांबवलीच. "बरगड्या मोडून घ्यायच्यात का?" मग ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून तिने पट्ट्याला लावायची मऊ गादी आणली, गुबगुबीत, गुलाबी. गुलाबीच का, तर म्हणे तीच उरली होती. मी साठीला आलेला माणूस छातीवर गुलाबी गादी घेऊन भायखळ्याच्या सिग्नलला बसलोय, आणि बाजूचा टॅक्सीवाला बघतोय. पट्टा नुसता अंगावर टाकून ठेवतो, पोलीस दिसला की धरतो, असंही सांगून पाहिलं. पोरगी माझीच. ऐकते कसली! पट्टा लागेपर्यंत चावी फिरवायची नाही.

मागे आई. ऐंशी उलटून गेली, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, पण गाडीत बसायची हौस दांडगी. लग्न होऊन मालवणहून लालबागला आली त्याला जन्म लोटला, तरी बोलणं तिकडचंच. पट्ट्याला तिचाही विरोध. "म्हशीक दावणीक बांधतत तसा माका बांधतत," म्हणायची आणि निमूट बांधून घ्यायची.

तर हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मी यंत्राच्या तपासणीला गेलो.

मुलीने गाडीतून नेलं, आईपण बरोबर आली. टेक्निशियन तरुण, भला माणूस. छातीवर काहीतरी ठेवून पडद्यावर बघत होता. मी पट्ट्याचं गाऱ्हाणं केलं. तो म्हणाला, पट्टा लावायचाच, गादी ठेवा, हळूहळू दुखणं कमी होईल. मोबाईल डाव्या खिशात नको. यंत्राचं कार्ड कायम पाकिटात हवं. आणि त्याच दमात म्हणाला, "अजून एक घरी सांगून ठेवा काका, शंभर वर्षं जगाल, पण सांगून ठेवायचं असतं. नंतर, म्हणजे अग्नी द्यायच्या आधी, हे काढून घ्यावं लागतं. तापलं की फुटतं. मोठा आवाज होतो."

मी शर्टाची बटणं लावत होतो. हात तिथेच राहिला.

माझ्या वडिलांनाही पेसमेकर होता. गिरणी बंद पडली, त्यानंतर काही वर्षांनी बसवला. वीसेक वर्षांपूर्वी ते घरीच, दुपारच्या झोपेत गेले. डॉक्टर आला, दाखला दिला. यंत्राचं कुणी विचारलं नाही आणि आमच्यातल्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. माणूस गेला की त्याच्या छातीत काय आहे हे कोण बघतं? भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. लाकडांवर ठेवलं. मी मडकं घेऊन फिरलो, अग्नी दिला, आणि आम्ही सगळे बाजूला जाऊन उभे राहिलो.

आपल्यात कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय स्मशानातून कुणी हलत नाही. तो आवाज झाला म्हणजे जीव सुटला, मग हात जोडायचे आणि मागे न बघता निघायचं. त्याला वेळ लागतो. तास लागतो, कधी जास्तही लागतो. लोक आपले उभे राहतात, हळू आवाजात रेशनपासून क्रिकेटपर्यंत सगळं बोलतात, कुणी बाहेर जाऊन चहा मारून येतो. मे महिना होता, वरून ऊन आणि समोर ती धग. आणि लाकडं धड पेटलीही नव्हती तेवढ्यात आवाज झाला. असा झाला की छपरावरची कबुतरं उडाली. माझे थोरले काका दचकून म्हणाले, "इतक्यात?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "पुण्यवान माणूस. कसली वासना राहिली नाही, एका झटक्यात सुटला." मला तर रडूच फुटलं, पण बरं वाटलं म्हणून. सगळ्यांनी हात जोडले. कुणाची सेकंड शिफ्ट होती, कुणाला विरारला जायचं होतं. आम्ही निघालो. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून कुणी बघितलं नाही.

तो त्यांचा आवाज नव्हता. ती डबी फुटली होती. वडील तिथेच होते, आणि आम्ही सगळे, मुलगा, भाऊ, पुतणे, चाळीतले चाळीस लोक, त्यांना अर्धवट आगीत टाकून घरी जाऊन आंघोळी करत होतो.

घरी येताना मुलगी विचारत होती, काय म्हणाला टेक्निशियन? मी म्हटलं, पट्टा लाव म्हणाला. तेवढंच सांगितलं.

त्या दिवसापासून पट्टा मला वेगळाच लागायला लागला. आधी नुसता दुखायचा. आता तिथे हात पडला की मला ते छप्पर दिसायचं. गाडी उन्हात उभी असली की पट्टा तापलेला असतो. एकदा हिंदमातापाशी तो गरम पट्टा त्या जागेवर टेकला आणि मी ओरडलो, झटकून टाकला, दार उघडून फुटपाथवर उतरलो. घाम सुटला होता. मुलगी घाबरली. "एवढं दुखतं?" मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते. ती बिचारी दुसऱ्या दिवशी आणखी एक गादी घेऊन आली.

गणपतीत लालबागला माळा आणि सुतळी बॉम्ब वाजतात, हे काय मला आज कळलं? जन्म गेला त्यात. त्या वर्षी प्रत्येक बाराला माझा हात छातीवर जायचा आणि मनात हिशेब चालायचा. आम्ही निघालो तेव्हा ज्वाळा कुठवर होत्या? कमरेपर्यंत? चेहऱ्यावर तुपाने माखलेला कपडा होता, तो जळला होता का? मी तिथे उभा राहून किती वेळ झाला होता? आठवतच नाही. माणसाला नको ते सगळं आठवतं आणि हवं ते आठवत नाही. आणि खरा आवाज? तो झाला असेल ना नंतर? केव्हा झाला असेल? कुणी ऐकला? लाकडं रचणारे तिकडे आपल्या कामात. ऐकायला आमच्यातलं कोण होतं तिथे!

हे कुणाशी बोलणार? मुलीला माझ्या यंत्राचं सांगणं भाग होतं, नाहीतर माझ्या वेळेला पुन्हा तोच खेळ. पण मुलीच्या पोटात काही राहत नाही, आणि झोपते आजीच्या कुशीत. आणि आईला कळता कामा नये, यासाठी मी जिवाचं रान करत होतो. कारण आईकडे वडिलांचं म्हणावं असं तेवढंच होतं. बायका तेव्हा स्मशानात येत नसत. आम्हीच घरी येऊन तिला सांगितलं की बाबा लगेच सुटले. तेव्हापासून ती ते सांगत आलीय. शेजारणीला, भाजीवालीला, दर पितृपक्षात पान मांडताना: "एका झटक्यात सुटले हो. मोठो आवाज झालो. कशातच जीव अडकलो नव्हतो." सांगताना तिचा चेहरा शांत व्हायचा. ते मी तिच्या हातातून कसं काढून घेऊ? माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. म्हणून मूग गिळून बसलो.

शेवटी मुलीनेच डोकं चालवलं. "पप्पा, तुम्ही मागे माझ्या पाठीमागे बसा. तिथला पट्टा उजव्या खांद्यावरून येतो." च्यायला, इतके महिने सुचलं नाही कुणाला! पुढची सीट बापाची, हाच हट्ट. आई त्या जागेवर बसायची, ती सरकून डावीकडे बसली.

आईच्या डोळ्याची तपासणी होती गिरगावात. आम्ही निघालो. मी पट्टा लावला, तो उजव्या खांद्यावरून आला आणि काडेपेटीपासून चांगला लांबून गेला. मुलीने आरशातून बघितलं. "आता? आता काय तक्रार?" मी म्हटलं, नाही बाई, झकास. आणि खरंच झकास होतं. लालबागचा पूल उतरलो, भायखळा गेलं, मुलीने दोनदा जोरात ब्रेक मारला, आणि कुठे काही टोचलं नाही.

आई माझ्याकडे बघत होती. तिला त्या बाजूच्या डोळ्यानेच दिसतं.

"आता पट्टो लागणा नाय मां तुका?" ती म्हणाली.

"नाय गो."

"मगे हात कित्याक थंय?"

मी खाली बघितलं. माझा तळवा त्या जागेवर दाबून धरलेला होता. निघाल्यापासून तिथेच असणार. मी म्हटलं, सवय गं आये.

"सवय नाय ती." ती समोर बघायला लागली. "त्या तपासणाऱ्यान तुका सांगल्यान ता मी आयकलंय. दार उघडाच होता. डोळे गेले म्हणान माझे कान गेले नाय."

मुलीने गाडीतली गाणी बंद केली. तिला काय कळलं, काय नाही, पण तिने मागे वळून विचारलं नाही.

आई म्हणाली, "आणि माका ता तेव्हाच कळला होता. यंत्राचा नाय. पण काय तरी चुकला ता. तुमच्या आंघोळीचा पाणी स्टोवर तापूक नव्हता, आणि तुमी दारात उभे. इतक्या लवकर कोण येता?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा तोंड बघलंय. रडत होतंस आणि हसत होतंस. बाबा सुटले म्हणान सांगत होतंस. मी काय बोलू?"

"आणि मग एवढी वर्षं सगळ्यांना सांगत फिरलीस ते?"

"तू आयकत होतंस म्हणान."

मी तिचा हात धरला. साठीचा घोडा मी, गाडीत, मुलीसमोर हमसून हमसून रडलो. आईने रडू दिलं. मग पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. आणि मुलीच्या खांद्यावर बोट टोचून म्हणाली, "गो, ह्याच्या छातीतला यंत्र आग देवच्या आधी काढून घेवचा हां. इसरू नको." मुलगी नुसती मान हलवत राहिली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, तरी गाडी नीट चालवत होती.

गिरगाव जवळ आलं. आईने पट्टा पोटावरून जरा सैल करून घेतला.

"तेंचो आख्खो जन्म माणसांनी भरलेल्या खोलयेत गेलो," ती म्हणाली. "एकट्याक रवाची सवय नव्हती. खय गेले सगळे म्हणान बघीत रवले असतले." मग माझ्याकडे वळली. "माझ्या वेळाक मात्र थांब. आवाज झालो तरी थांब. माका पण सवय नाय रे."

"थांबतलंय, आये," मी म्हटलं.