तांब्याचा ठिपका

आधी बोलणी खायची आणि मग बसायला पाट मिळायचा, हा तात्यांचा रिवाज होता. कोल्हापुरात गुजरी या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं चांदीकामाचं दुकान होतं. एक शेगडी, एक ऐरण, आणि दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. जुनी नाणी दुरुस्त करणारा असा हात आसपासच्या चार तालुक्यांत नव्हता. बोळातून जाणाऱ्याला मात्र आत भांडण जुंपलंय असंच वाटायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो एक शिवराई घेऊन. धनत्रयोदशीला देवातली नाणी चिंच लावून घासायची आमच्या घरची पद्धत. त्या वर्षी उत्साहाच्या भरात मी आजोबांपासून आलेली तांब्याची शिवराईही घासली, आणि कशी लखलखीत झाली म्हणून दाखवायला नेली. तात्यांनी ती दोन बोटांत धरली. "पावणं, नाणं आणलंयसा की घासल्यालं भांडं? शेकडो वर्सं बसून त्या तांब्यानं अंगावर साय धरली हुती. तुमी ती एका सकाळी खरवडलीसा." मी भीत भीत विचारलं, पुन्हा काळी करून मिळेल का. त्यावर जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खोटं काळेपण चढवणं हा त्यांच्या लेखी घासण्याहून मोठा गुन्हा होता. ती शिवराई अजून माझ्याकडे तशीच चकाकते आहे.

पूर्वी बायका राणीछाप रुपयांना भोकं पाडून माळेत ओवायच्या. ती भोकं बुजवण्यात तात्यांची हयात गेली. तसल्याच एखाद्या झिजलेल्या रुपयाची चांदी घेऊन ते भोक असं भरायचे, की भिंग लावूनही चटकन सापडू नये. पण झिजलेलं अक्षर किंवा राणीचं नाक पुन्हा कोरून द्यायला त्यांनी कधी हात लावला नाही. "भोक मानसानं पाडलं, त्ये मी बुजवीन. नाक हजार हातांनी झिजवलं, ती त्येची कमाई हाय," म्हणायचे. कुणी फार गळ घातली तर नाणं पायरीवर ठेवून कामाला लागायचे.

आणि एक ठिपका. रुपयाच्या कडेवर उभ्या रेघा असतात. दुरुस्ती झाली की त्यातल्या दोन रेघांमध्ये ते एक बारीक ठिपका ठोकायचे. ठिपका असला की नाणं बुजवलेलं, हे सगळ्या जाणकारांना ठाऊक होतं. एवढं बेमालूम काम करून आपणच चुगली का करायची, असं मी एकदा विचारलं. "बुजवायचं, पर लपवायचं न्हाय," ते म्हणाले. "माझ्या हातनं गेल्यालं धा हातांत जानार. मी काय परत्येकाच्या कानात सांगत फिरू?"

आमचं नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मी त्याचा चिटणीस. मंडळात एक व्यापारी आहे, त्याला आपण शेठ म्हणू. नाव लिहीत नाही ते भीतीनं नव्हे, शाई वाया जाईल म्हणून. त्याच्याकडे एका दुर्मीळ सालातला राणीछाप रुपया आला, पण भोक पडलेला. तात्यांशी तुमचं जमतं, तेवढा करून आणा, असं तो मला म्हणाला. मी नेला. तात्यांनी चार दिवस घेतले, शेवटी माझ्यादेखत ठिपका ठोकला, आणि मी तो रुपया शेठच्या हातात आणून दिला.

शेठनं दुसऱ्या कुणाकडून तरी कडेच्या रेघा कोरून घेऊन तो ठिपका उडवला, आणि अस्सल, हात न लागलेला म्हणून रुपया कुरुंदवाडच्या एका गुरुजींना विकला. पुढे कुणी तरी भिंगाखाली धरला तेव्हा भोक उघडं पडलं. गुरुजी तणतणत मंडळात आले. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये बैठक भरली. शेठनं चेहरा पाडून सांगितलं, की मीही फसलो, ठिपका न ठोकता बुजवलेला रुपया बाजारात सोडला, हे त्या गुजरीतल्या म्हाताऱ्याचं कारस्थान. यापुढे कुणाही सभासदानं तात्यांकडून काम करून घेऊ नये, असा ठराव झाला. ज्या गुरुजींसाठी हे सगळं झालं, त्यांनी तो रुपया पुढे दुसऱ्याच्या गळ्यात मारला, तोही न सांगता.

शेठ सोडला तर ठिपका पाहिलेला त्या हॉलमध्ये एकटा मी होतो. आणि मी काय केलं? ठराव लिहून घेतला. वळणदार अक्षरात, खाली सही करून. पुढच्या महिन्यात प्रदर्शन होतं, हॉलचा खर्च शेठ करणार होता, आणि माझी पेटी पहिल्या रांगेत लागणार होती. एवढ्यासाठी. त्या शेठचा मला संताप येतो, पण तो निदान आपल्या धंद्याला जागला. माझ्या गप्प बसण्याला तेवढीही सबब नाही.

आठवड्यानं मी दुकानात गेलो. त्या दिवशी बोलणी बसली नाहीत, सरळ पाट मिळाला. मी शेठला शिव्या घालायला लागलो तशी त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "साहेब, तुमी हुतासा की तितं," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा शेगडी फुंकायला लागले.

त्यानंतर तात्यांनी चांदीनं भोक बुजवणं बंद केलं ते कायमचं. चांदीच्या रुपयात तांब्याची तार ठोकून बसवायचे. पांढऱ्यात तांबडं, लांबून दिसणारं. कुणी काढायचं म्हटलं तर भोक पुन्हा हजर. संग्राहक आधीच तुटले होते, उरलेले हे बघून गेले. मी माझा एक भोकाचा रुपया मुद्दाम घेऊन गेलो, तेव्हा शिरोळची एक अक्का पायरीवर बसली होती. सासूच्या माळेतला रुपया तिला देव्हाऱ्यात ठेवायचा होता, आणि खंडित नाणं पूजेला चालत नाही. भोक राणीच्या कपाळालगत होतं. तात्यांनी तांबं बसवून रुपया हातावर ठेवला. अक्कानं तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "राणीला कुक्कू लावलंसा की वो!" तात्या खळखळून हसले. त्या प्रकरणानंतर त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

गेल्या माघात तात्या गेले. मंडळानं त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली, हा निर्लज्जपणा. फोटोला हार शेठनं घातला आणि प्रामाणिक कारागिरीवर तो दहा मिनिटं बोलला. त्याचं संपलं तसा मी उठलो. तात्यांनी बसवून दिलेला तांब्याचा ठिपका असलेला माझा रुपया टेबलावर ठेवला आणि शेठच्या त्या रुपयाचं सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. शेठ उठून गेला. मागून कुणी तरी म्हणालं, आता कशाला हे? बरोबरच आहे. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते भिंतीवर फोटोत होते.

माझं भोक मी बुजवलं ते असं, उशिरा आणि तांब्यानं. दिसू दे.