अंतरपाटावरून डोळा मारणारा मामा

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मला आधी हसू फुटतं. त्यातून माझी हकिकत तर ऐन वैशाखातली, भर दुपारची — आणि माझ्याच लग्नातली!

जर्मन लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. उमरठच्या वर आमची वाडी. माझा मामा पलटणीत जमादार, ऐन चोविशीतला अधिकारी... त्याच लढाईत बसऱ्याकडे पडला. त्याला माझ्या आईशिवाय सख्खं कुणी नव्हतं, म्हणून बहादुरीचं मेडल आईकडे आलं. तेव्हापासून तिने त्याचं नाव काढलं नव्हतं.

आमच्यात मंगलाष्टकं चालताना नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं. आईने तिथे पाट मांडून मेडल ठेवलं आणि दुसऱ्या कुणाला उभं राहू देईना. वाडीतल्या म्हाताऱ्या कुरकुरल्या, "जागा मोकली ठेवून कसं चालंल गो?"

"मोकली नाय. माजा भाऊस हाय तितं."

वरपक्ष रुसला तर लग्न मोडायचं! बाबांनी गुपचूप आईच्या चुलतभावाला सांगितलं — अक्षता सुरू झाल्या की हळूच मागे जाऊन उभा राहा. आई रीतीप्रमाणे मागच्या दारी तुळशीला पाणी घालत बसली.

अंतरपाट धरला. तोच माझ्या खांद्यांवर दोन हात आले, भक्कम आणि ऊबदार. आला वाटतं चुलतमामा, म्हणून हायसं वाटलं.

जेवणाच्या पंगतीत आमचे हे — महाडच्या शाळेत भूमिती शिकवतात — तूप वाढणाऱ्या आईला म्हणाले, "आपले भाऊ भारी मिश्कील! उंच आहेत ना, अंतरपाटावरून मला चक्क डोळा मारला."

चुलतमामा दारातूनच ओरडला, "म्या? म्या तर सुटलेल्या बैलामागं रानात धावत व्हतो! आत्ता येतोय!"

"हे नव्हेत हो. चांगले तरुण होते. आणि गंमत म्हणजे डोळा मारताना त्यांचे दोन्ही मिटले!"

आईचा हात थांबला. मग ती खळखळून हसू लागली... डोळ्यांतून पाणी, तरी हसतेच आहे.

"लहानपनापास्नं शिकवलं त्याला! अजून नाय जमत गाढवाला!"

मग दुपारभर ती त्याच्या खोड्या सांगत होती आणि सगळी पंगत हसत होती. लग्न माझं, कौतुक मामाचं!

ह्यांनी नंतर सगळ्या वऱ्हाडाकडे चौकशी केली. तसा माणूस कुणाच्याच ओळखीचा निघाला नाही. भूमितीत उत्तर सापडत नाही म्हणून हे अजून चिडतात. उत्तर माझ्याकडेही नाही... पण माझ्या लग्नाला मामा नव्हता, असं मात्र कुणी म्हणू नये.