सेंदाईच्या बर्फातली केळ

शोभाताई गेल्याचा निनादचा फोन आला तेव्हा मी स्टेशनबाहेर सायकल लावत होते. निनाद त्यांचा मुलगा, टोक्योत नोकरीला. ‘‘मावशी, आई काल झोपेतच गेली,’’ एवढंच बोलला... तासाभरात आमच्या सेंदाईतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हळहळ सुरू झाली. निम्म्या लोकांनी शोभाताईंच्या केळीसमोर काढलेले स्वतःचेच फोटो टाकले. माझं डोकं तिथेच फिरलं.

यजमान वारल्यावर सगळे त्यांना सांगत होते, आता पुण्याला परता. त्या परतल्या नाहीत. मूळच्या गुहागरच्या, भाड्याच्या घरामागच्या ओसाड तुकड्यात कोकण उभं करायला निघाल्या. पहिल्याच हिवाळ्यात कढीपत्ता, जास्वंद, सुपारी, सगळं गेलं. आपल्याच लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. मग शेजारच्या जपानी आजींनी त्यांना इथली थंडी सोसणारी झाडं दाखवली: केसाळ खोडाचा ‘शुरो’ नावाचा ताड, परातीएवढ्या पानांची ‘यात्सुदे’ आणि इथली केळ. हिचं फळ खाण्याजोगं नसतं, पण पान थेट आपल्या केळीचं. ‘‘फळ हवंय कुणाला? मला हिरव्या सावलीत बसून चहा प्यायचाय,’’ शोभाताई म्हणाल्या होत्या. तीन-चार वर्षांत ती सावली त्यांनी खरोखर मिळवली.

फळ न देणारी केळ कशाला, म्हणून नाकं मुरडणारेच मग दर गणपतीत पिशव्या घेऊन त्यांच्या दारात. नैवेद्याला पान हवं, मोदकांखाली पान हवं. शोभाताई पानं पुसून, गुंडाळून तयार ठेवत. कुणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. मला त्यांच्या या चांगुलपणाचासुद्धा राग येतो.

कारण नोव्हेंबरात कुणी यायचं नाही. बर्फ पडायच्या आत पानं छाटून, खोडांना पेंढ्याच्या चटया गुंडाळून दोराने आवळावं लागतं, नाहीतर खोड सडतं आणि सगळं पुन्हा जमिनीपासून. दरवर्षी त्या ग्रुपवर लिहायच्या, ‘रविवारी झाडं बांधायची आहेत. पोहे करते, या.’ कुणाचा प्रोजेक्ट असायचा, कुणाच्या मुलाचा पोहण्याचा क्लास.

या वर्षी झाडं बांधायच्या आधीच त्या गेल्या. घरमालकांनी घर रिकामं करायला मार्चपर्यंत मुदत दिली होती. तोवर तरी बाग जगावी, पुढे कुणाला तरी तिचे कोंब नेता यावेत, म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, ‘रविवारी आपण बांधू या.’ उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. वर एका गृहस्थांनी विचारलं, ‘पुढच्या गणपतीला पानांची सोय होईल ना?’ लाज नावाची गोष्ट असते की नाही?

रविवारी मी आणि निनाद, दोघंच. आणि मी तरी कोण मोठी? सात वर्षं पानं नेली, बांधायला एकदाही फिरकले नव्हते. चटई कशीबशी गुंडाळली, पण दोर आवळेना. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने खोडाभोवती फिरायचं, तेव्हा कुठे गाठ बसत होती.

‘‘आई बांधायच्या तेव्हा दुसरं टोक कोण धरायचं रे?’’ मी विचारलं.

निनादने मागच्या दाराच्या कठड्याकडे बोट दाखवलं. तिथे दोराचं एक कडं कायमचं बांधून ठेवलेलं होतं... बरोबर माणसाच्या हाताच्या उंचीवर.