ताठपणा मोजणाऱ्या कमलताई

गेल्या महिन्यात सकाळी कमलताईंच्या भाच्याचा फोन आला. "विनूकाका, मावशी गेली. झोपेतच." मी फोन ठेवला. नव्वदी ओलांडलेल्या माणसाचं जाणं अनपेक्षित नसतं. तरी प्रभादेवीच्या त्यांच्या गल्लीत आपल्याला 'अरे विनू' म्हणणारं आता कोणी नाही, हे पटायला वेळ लागला.

आमची ओळख परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे. मी गिरगावातला, नुकताच पदार्थविज्ञान शिकून तिथे मदतनीस म्हणून लागलेला, त्या डॉक्टर. माणसाचं हाड किती ताठ असतं, वजनाखाली किती वाकतं, यावर त्या प्रबंध लिहीत होत्या. जुन्या प्रभू घराण्यातली मुलगी दिवसभर मेलेल्यांची हाडं हाताळते म्हणून नातेवाइकांत कुजबुज होई. त्या हसण्यावारी नेत. पद्धत साधी होती. हाडाची बोटभर पट्टी कापायची, दोन आधारांवर आडवी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं आणि किती वाकली ते तबकडीवरच्या सुईवर वाचायचं. ते वाचन माझ्याकडे. पट्टी मिठाच्या पाण्याने सतत ओली ठेवावी लागे. "सुकलेलं हाड खोटं बोलतं रे," त्या म्हणत. अडचण एकच, मिळत ती सगळी म्हाताऱ्या, झिजलेल्या देहांची हाडं. तरुण, धडधाकट हाडासाठी त्या कित्येक महिने थांबल्या होत्या.

आणि ते आलं. लालबागच्या गिरणीतला बाबाजी नावाचा तरुण विणकर आंदोलनातल्या गोळीबारात सापडला. गोळी घोट्यात लागली, जखम चिघळली, गुडघ्याखालून पाय कापावा लागला. त्या पायाच्या नडगीचं हाड आमच्याकडे पाठवलं गेलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं; तेव्हा तशी रीतच नव्हती.

काही दिवसांनी दुपारी दारात कुबड्या वाजल्या. वॉर्डात कोणीतरी त्याला सांगितलं असावं.

"बाई, माजो पाय हयसर आसा मां?"

कमलताईंनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि सरळ म्हणाल्या, "आहे. बघा." पट्टी आधारांवरच होती. त्याने वाकून ती नीट पाहिली, मग म्हणाला, "घट होता मां?"

"किती मजबूत होतं ते तुम्हीच बघा. वजन लावा."

त्याने वजन अडकवलं. सुई जराशी सरकली. त्याने वजन काढलं, तशी ती मागे फिरून शून्यावर आली. "परत इली!" तो ओरडलाच, आणि लगेच त्याला रडू फुटलं. कमलताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

शांत झाल्यावर तो म्हणाला, "ह्या हाड दर्यात सोडूचा आसा, बाई."

मी हळूच आठवण केली, "कमलताई, मोडेपर्यंतची चाचणी राहिलीय."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं... "ताठपणा मिळाला, विनू. मोडून नाही बघायचं."

त्या पट्टीसकट उरलेलं सगळं हाड पांढऱ्या कापडात गुंडाळून आम्ही टॅक्सीने दादरच्या चौपाटीवर गेलो. कुबड्या वाळूत रुतत होत्या. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्या. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं तरी त्या थांबल्या नाहीत. गाठोडं बाबाजीने स्वतःच्या हाताने सोडलं. परत फिरताना एवढंच म्हणाला, "तुमी माका बघूक दिलात."

सगळ्यांत चांगला नमुना अर्धवट का, असं परीक्षकांनी विचारलं. "ज्याचा होता तो घेऊन गेला," कमलताई म्हणाल्या. परीक्षकांना ते रुचलं नाही. आणखी हाडं तपासून या, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. पदवी वर्षभर लांबली. त्याबद्दल त्या कधी हळहळल्याचं मला आठवत नाही. मात्र त्यानंतर त्या स्वतः वॉर्डात जाऊ लागल्या. ऑपरेशन ठरलेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी बसायच्या, हाड कशासाठी हवंय ते सांगायच्या, समोरचा हो म्हणाला तरच घ्यायच्या. नाही म्हणणाऱ्याचीही दुसऱ्या दिवशी चौकशी करून यायच्या. पुढे विभागप्रमुख झाल्यावर त्यांनी सगळ्यांनाच ही सवय लावली.

परवा शोकसभेनंतर त्या प्रयोगशाळेत डोकावलो. यंत्र नवं आहे, आकडे पडद्यावर उमटतात. एक विद्यार्थिनी हातमोजे काढून बाहेर निघाली होती. "सर, बसा ना. उद्या एका आजोबांचं ऑपरेशन आहे, त्यांचं हाड हवंय आम्हाला. विचारून येते."

ती वॉर्डाकडे गेली. बराच वेळ झाला तरी परतली नाही... बसली असेल खाटेशेजारी.